पंचाहत्तरीला काय द्यावे?

नागपुरात घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीची साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर जे साचलेले असते ते बहुतेक घरांत सारखेच असते. आठ-दहा शाली, तितकेच नारळ, भिंतीवरची दोन घड्याळे, चांदीचा मुलामा दिलेली एखादी मूर्ती आणि संत्रा बर्फीचे डबे, ज्यांतली एक वडीही सत्कारमूर्तीला मधुमेहामुळे खाता येत नाही. शाल हा सन्मानाचा भाग आहे आणि तो बाहेरच्या मंडळींनी पाळणे योग्यच आहे. पण ज्या शहरात जाड शाल वर्षातून जेमतेम दोन महिने अंगावर येते तिथे अकरावी शाल घरच्याच माणसाने द्यावी, याला काही अर्थ नाही. पुढचे लिखाण मुले, सुना, जावई, पुतणे, भाचे आणि नातवंडे यांच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांना त्या व्यक्तीचे बोलणे रोज किंवा निदान दर रविवारी ऐकायला मिळते त्यांच्यासाठी.

तारीख आणि टप्पा आधी नक्की करावा

आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकलेली असते. आधार कार्डावरची तारीख पाहून सभागृह ठरवले जाते आणि मग आजी शांतपणे सांगते की तिचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशीचा आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की वाढदिवस घरात तिथीने धरतात की तारखेने, आणि खरी तारीख कोणती. तिथी व तारीख साधारण दर १९ वर्षांनी पुन्हा जुळतात. त्यामुळे शहात्तराव्या वाढदिवसाला, म्हणजे १९ च्या चौथ्या फेऱ्याला, दोन्ही एका दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या अंतराने येतात. पंचाहत्तरी काही कारणाने हुकली असेल तर पुढच्या वर्षी सोहळा करायला हे चांगले निमित्त आहे.

टप्प्याचा अर्थही लक्षात घ्यावा. साठी पूर्ण होते तेव्हा साठ संवत्सरांचे चक्र फिरून जन्माचे संवत्सर पुन्हा येते. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही सरळ आहे: एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणून हजार पौर्णिमांना सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. साठीचा माणूस बहुधा नुकताच निवृत्त झालेला, हिंडता-फिरता आणि नव्या उद्योगाच्या शोधात असतो, तर एक्याऐंशीच्या माणसाला नवी वस्तू शिकण्यापेक्षा जुनी सापडण्यात अधिक आनंद वाटतो. साठीला कॅमेरा किंवा पेटी शिकण्याची फी देता येते. एक्याऐंशीला ती दिली तर घरातल्यांच्या आग्रहाचे ओझे होते.

किमान तीन महिने आधी सुरुवात करावी. हातमागावरचे कापड विणून घेणे, छायाचित्रे गोळा करणे आणि चार भावंडांचे एकमत होणे, या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो, आणि तिसरीला सर्वांत जास्त.

ऐकून ठेवणे

भेट कोणती द्यावी हे त्या व्यक्तीला थेट विचारले तर उत्तर ठरलेले असते: “मला आता काय हवं आहे? तुम्ही सगळे आलात, पुष्कळ झालं.” हे उत्तर खरेही असते आणि निरुपयोगीही. त्याऐवजी एक छोटी वही करावी आणि त्या व्यक्तीच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये जशीच्या तशी टिपून ठेवावीत. विशेषतः तीन प्रकारची वाक्ये ऐकावीत: एखादे ठिकाण किंवा माणूस पुन्हा पाहण्याविषयीची, हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूविषयीची, आणि “ते राहूनच गेलं” अशा शब्दांत संपणारी. दोन महिन्यांत पंधरा-वीस वाक्ये जमतात आणि त्यांतली दोन-तीन वारंवार आलेली दिसतात.

माझे थोरले काका, ज्यांना आम्ही इकडच्या रीतीप्रमाणे मोठे बाबा म्हणतो, ते नॅरोगेज रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या सत्तरीला आम्ही भावंडांनी वर्गणी काढून पितळी लंबकाचे मोठे घड्याळ दिले होते. त्यांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, “हे दर आठवड्याला पुसणार कोण?” पाच वर्षांनी पंचाहत्तरीच्या वेळी मात्र वहीतली वाक्ये पाहिली. त्यांतली निम्मी इतवारी ते नागभीड या मार्गावरची होती: उमरेडला चहा कोण आणून देत असे, भिवापूरला मिरचीची पोती चढली की गार्डाच्या डब्यात शिंका कशा सुरू होत, पावसाळ्यात कोणत्या वळणावर गाडी कशी रेंगाळत असे. ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा त्या गाडीत त्यांना पुन्हा बसवणे शक्य नव्हते. पण मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे रेल्वे संग्रहालय आहे. आम्ही त्यांना तिथे नेले, आणि कार्यक्रम असा ठरवला की माहिती आम्ही द्यायची नाही, त्यांनी नातवंडांना द्यायची. एका जुन्या कंदिलाजवळ ते थांबले आणि हात न लावताच मनगट कसे फिरवायचे, लाल काच कधी पुढे आणायची, हे त्यांनी हवेतच करून दाखवले. तो हात नातीने मोबाइलवर चित्रित केला. खर्च झाला तो प्रवेशाच्या तिकिटांचा, एका गाडीच्या भाड्याचा आणि परत येताना खाल्लेल्या तर्री-पोह्यांचा.

सगळ्यांचे काका गार्ड नसतात, पण कामाची जागा बहुतेकांना असते. एम्प्रेस मिल, मॉडेल मिल, पोस्ट, वीज मंडळ, शाळा, कोळसा खाणी, सरकारी दवाखाने यांत ज्यांची तीस-पस्तीस वर्षे गेली त्यांच्याबाबत त्या कामाभोवती शोध घ्यावा. ज्या स्त्रियांनी आयुष्यभर घर चालवले त्यांच्या बाबतीत हा शोध माहेरच्या गावाभोवती घ्यावा, असा माझा अनुभव आहे. त्यांना तिथे शेवटचे कधी नेले होते हे घरातल्या पुरुषांना सहसा सांगता येत नाही.

आवाज आणि छायाचित्रे

आठवणी ध्वनिमुद्रित करणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पुढे ढकलली जाणारी भेट आहे. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. मोबाइल टेबलावर मऊ रुमाल टाकून, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. उन्हाळ्यात कूलर बंद करणे आवश्यक आहे, कारण खोलीत बसलेल्याला सवयीने न जाणवणारी त्याची घरघर मुद्रणात शब्दांवर चढून बसते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आधीची वेळ घ्यावी. एका बैठकीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बोलायला लावू नये. “तुमच्या आयुष्याविषयी सांगा” असा प्रश्न विचारला की माणूस भाषण करतो. “तुमच्या लहानपणी घरात पाणी कुठून भरत असत?” किंवा “पहिल्या पगाराचे काय केले?” असे विचारले की गोष्ट सुरू होते. या मुद्रणातून निवडक भाग उतरवून काढून तीस-चाळीस पानांची पुस्तिका करावी आणि अक्षर किमान १६ ते १८ पॉइंटचे ठेवावे. भाषा दुरुस्त करू नये. आजी कोथिंबिरीला सांबार म्हणत असेल तर पुस्तिकेतही सांबारच राहावा.

जुन्या छायाचित्रांचे काम अधिक नाजूक आहे. पारदर्शक चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले छायाचित्र ओढून काढू नये. दातांसाठी वापरतात तो बारीक दोरा त्याच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवला तर ते बहुधा सुटते, आणि नाही सुटले तर पानासकट स्कॅन करावे. पोस्टकार्डाएवढ्या चित्रासाठी ६०० डीपीआय आणि त्याहून लहान चित्रासाठी १२०० डीपीआय पुरते. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल चित्राला समांतर धरून फोटो घ्यावा. मागच्या बाजूला नावे लिहायची असतील तर मऊ पेन्सिलने लिहावीत, बॉलपेनने कधीही लिहू नयेत, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पसरते.

नावे लिहून घेणे हीच यातली खरी किमतीची गोष्ट आहे. १९६० च्या दशकातल्या लग्नाच्या सामूहिक छायाचित्रात चाळीस माणसे असतात आणि त्यांतली तिसऱ्या रांगेतली माणसे ओळखणारे आता घरात एक-दोघेच उरलेले असतात. ट्रेसिंग कागदावर प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढून तीत क्रमांक घालावा आणि खाली नाव व नाते लिहावे. मोठी प्रत आणि ही क्रमांकांची किल्ली शेजारी शेजारी चौकटीत बसवली, तर सोहळ्याला आलेले पाहुणे जेवणापेक्षा जास्त वेळ तिच्यासमोर उभे राहतात.

कृष्णधवल चित्रांना रंग चढवून देणारी अॅप सध्या सर्रास वापरली जातात. माझ्या आत्याला तिच्या लग्नाचे असे रंगवलेले चित्र भाच्याने दिले तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “माझा शालू अंजिरी होता रे, हा निळा कुठून आणलास?” रंग भरायचेच असतील तर त्या व्यक्तीला शेजारी बसवून, विचारून भरावेत, आणि मूळ प्रत आहे तशी वेगळी जपावी. काही अॅप रंगाबरोबर चेहराही गुळगुळीत करतात आणि मग ते चित्र कुणा भलत्याच माणसाचे दिसू लागते.

याच कपाटात अनेकदा जुनी प्रमाणपत्रे सापडतात. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे त्या काळातल्या शाळेच्या दाखल्यांवर ते नाव दिसते आणि नातवंडांना त्याचे फार नवल वाटते. असा कागद लॅमिनेट करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही आणि उष्णतेने जुनी शाई बिघडू शकते; आम्लरहित कागदाचा आधार देऊन काचेच्या चौकटीत बसवावा आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नये. जन्मदिवसाच्या वर्तमानपत्राचे पहिले पान छापून देण्याची कल्पनाही चांगली आहे. ‘हितवाद’ १९११ पासून निघत आहे आणि ‘तरुण भारत’ १९४४ पासून दैनिक म्हणून निघत आहे, तेव्हा जुन्या अंकांच्या फायली जपणाऱ्या ग्रंथालयात विचारणा करता येते. मात्र तारीख १ जुलै असेल तर आधी वर सांगितलेली चौकशी करावी, नाहीतर गुरुजींच्या कल्पनेतल्या दिवसाचे वर्तमानपत्र चौकटीत बसेल.

वस्तूच द्यायची असेल तर

वस्तू निवडताना ती हातात कशी धरली जाईल, डोळ्यांना कशी दिसेल आणि तिची निगा कोण राखेल, हे तीन प्रश्न दुकानात उभे असतानाच विचारावेत. संधिवाताने सुजलेल्या बोटांना कर्णफुलाची बारीक फिरकी लावता येत नाही आणि सांधा जाड झाल्यामुळे जुनी अंगठी व पाटल्या चढत नाहीत. नवा दागिना घेण्याऐवजी तिच्याच पेटीतला, वीस वर्षे न घातलेला दागिना इतवारीच्या सराफाकडून मापात वाढवून, फिरकीच्या जागी सोपा आकडा बसवून दिला, तर तो त्याच दिवशी अंगावर येतो. अर्थात दागिना पेटीतून गुपचूप नेऊ नये. त्यातून जो गोंधळ होतो तो वाढदिवसाला शोभत नाही. नवे सोने घ्यायचेच असेल तर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहून घ्यावा, जो १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर बंधनकारक आहे.

कापडाच्या बाबतीत नागपूरकरांना लांब जावे लागत नाही. भंडारा-नागपूर पट्ट्यातला कोसा आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असलेली करवतकाठी साडी ही इथल्या विणकरांची कला आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या रानकिड्यांच्या कोशातून हे रेशीम निघते, म्हणून त्याचा मूळ रंग मधासारखा असतो आणि ते अंगावर फार चकाकत नाही. साडी घेताना वजन हातावर तोलून पाहावे, कारण ऐंशीच्या आजीला जड काठाची साडी सावरत नाही. नऊवारी नेसणाऱ्या आजीला सहावारी आणून देणे, ही चूक नव्या सुनांकडून नव्हे तर मुलांकडूनच होते.

वाचनाची आवड असलेल्यांसाठी दिवा ही फार कमी लेखली गेलेली भेट आहे. साठीनंतरच्या डोळ्याला तरुण डोळ्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो आणि आपण मात्र त्यांच्या खुर्चीमागे तोच जुना बल्ब ठेवलेला असतो. मान वळवता येणारा, मोठ्या बटणाचा दिवा खुर्चीच्या डाव्या की उजव्या बाजूला हवा हे पाहून स्वतः बसवून द्यावा. पत्रांची आवड असलेल्यांना टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेतून त्यांच्याच छायाचित्राची बारा तिकिटे असलेला ताव करून देता येतो. सिव्हिल लाइन्समधल्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन त्याची चौकशी करावी.

काठी, श्रवणयंत्र, शौचालयातली उंच खुर्ची आणि रक्तदाबाचे यंत्र या गोष्टी गरजेच्या असतील तर अवश्य आणाव्यात, पण वाढदिवसाला नव्हे आणि चारचौघांत तर मुळीच नव्हे. स्मार्ट घड्याळाचेही तेच. ते देणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण घेणाऱ्याला पाळत वाटते.

तुला आणि प्रवास

काहींना स्वतःसाठी खरोखरच काही नको असते. त्यांच्यासाठी तुला हा जुना आणि देखणा मार्ग आहे. साठ किलो वजनाच्या माणसाची दहा रुपयांच्या नाण्यांनी तुला करायची तर एक नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असल्याने जवळपास ७,८०० नाणी, म्हणजे ७८ हजार रुपये लागतात. नाणी जमवण्याचा त्रास वेगळाच. ग्रंथतुला मला अधिक पटते. एक पुस्तक सरासरी ३०० ग्रॅमचे धरले तर दोनशे पुस्तके होतात आणि ती गावातल्या शाळेला किंवा मोहल्ल्यातल्या वाचनालयाला देता येतात. मात्र शाळेला आधी विचारून यादी घ्यावी, नाहीतर रद्दीच्या भावाने घेतलेली पुस्तके शाळेच्या माथी मारल्यासारखे होते. तराजू जमिनीलगत असावा आणि बसायला पाठीची खुर्ची असावी. ऐंशीच्या माणसाला झोपाळ्यासारख्या हलत्या पारड्यात चढवणे धोक्याचे आहे.

प्रवास द्यायचा असेल तर पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ही गोष्ट ते स्वतः मोठ्या अभिमानाने सांगतात. सोबतच्यांनी आपले तिकीट काढावे आणि त्यांना त्यांचे आधार कार्ड वाहकाला दाखवू द्यावे. ज्यांचे मूळ गाव छिंदवाडा किंवा बालाघाटकडे आहे त्यांनी लक्षात ठेवावे की ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. रामटेकसारखे जवळचे ठिकाणही आधी एकदा स्वतः जाऊन पाहावे आणि पायऱ्या, बसायची जागा व स्वच्छतागृह यांची नोंद करावी. वाढदिवस मे महिन्यात असेल तर प्रवासाचे पत्र त्या दिवशी हातात द्यावे आणि प्रवास नोव्हेंबरात करावा, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हौस कितीही असली तरी शरीर साथ देत नाही.

देण्याची वेळ

वर्गणीचा आकडा सर्वांत कमी मिळकत असलेल्या भावंडाला झेपेल असा ठरवावा, आणि भेटीवर कोणी किती दिले हे न दिसता सर्वांची नावे एकाच ओळीत असावीत. पंचाहत्तर दिव्यांचे औक्षण करताना पंखा व कूलर बंद ठेवावा आणि ताट दोघींनी मिळून धरावे. व्यक्तिगत भेट मात्र सभागृहात, माइकवर नाव पुकारून देऊ नये. पाहुणे गेल्यावर, पाय मोकळे करून माणूस घरच्या खुर्चीत बसला की द्यावी. पुस्तिका किंवा ध्वनिमुद्रण असेल तर तेव्हाच त्यांच्याकडून पहिली प्रतिक्रिया मिळते आणि चुकाही दुरुस्त होतात.

एक गोष्ट आमच्याकडून राहिली होती, ती इथे नोंदवून ठेवतो. सगळी तयारी मोठ्या बाबांभोवती झाली आणि मोठी आई, जिने त्यांच्या रात्रपाळ्यांचे डबे पस्तीस वर्षे बांधले, ती पाहुण्यांना पाणी देत राहिली. जोडीदार हयात असेल तर त्यांची स्वतंत्र बैठक मुद्रित करावी आणि लहानशी का होईना, वेगळी भेट त्यांच्यासाठीही ठेवावी. मोतीबागेतले ते चित्रण आम्ही रात्री सगळ्यांना दाखवले, तेव्हा ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग चष्मा पुसत म्हणाली, “माझी पंचाहत्तरी दोन वर्षांनी आहे. तेव्हा मला विचारा. उमरेडचा तो चहावाला यांना चहा देत नव्हता, उधारी मागायला येत होता.”